‘पकडले’ म्हणून सांगितलं होतं

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सगळ्या बारा जणांची निर्दोष मुक्तता केली. पाच जणांची फाशी आणि सात जणांची जन्मठेप रद्द झाली. त्या बारा जणांपैकी एक जण निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात तो कोविडने गेला. मेला तेव्हा सरकारदरबारी तो फाशीचा कैदीच होता.

त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या काकू घरी आल्या. त्यांचा धाकटा दीर त्या स्फोटांत गेला, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, पण त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “मग तेव्हा पकडले म्हणून सांगितलं होतं, ते काय होतं गं?”

माझ्या फोनवर दिवसभर दोन प्रकारचे संदेश येत होते. अतिरेकी सुटले, न्यायव्यवस्था विकली गेली, हा एक. निरपराध माणसांची एकोणीस वर्षं खाल्ली, हा दुसरा. काकूंचा प्रश्न या दोन्हींत नव्हता. त्यांना कुणी सुटल्याचा राग नव्हता आणि कुणी सुटल्याचा आनंदही नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं की २००६ मध्ये त्यांच्या घराला एक उत्तर दिलं गेलं होतं, आणि आता ते उत्तर काढून घेतलं गेलं होतं. मला तो प्रश्न त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात सर्वांत खरा वाटला. तेव्हापासून तो घेऊन मी तो निकाल वाचते आहे. साडेसहाशेहून अधिक पानांचा आहे. भाषा कोरडी, मुद्दे क्रमाने, आणि तरी वाचताना मध्येच थांबून खिडकीशी जाऊन उभं राहावं लागतं.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाच्या आगेमागे, अकरा मिनिटांत, पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत सात स्फोट. सगळ्या चर्चगेटहून निघालेल्या, सगळे पहिल्या वर्गाचे डबे. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. मी तेव्हा फोर्टात नोकरीला होते. फोन लागत नव्हते, पाऊस होता, आणि रस्त्यावर उत्तरेकडे चालत निघालेली माणसांची रांग संपत नव्हती. रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींत घालून त्यांनी जखमींना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल सुरू होत्या. आम्ही त्यातूनच कामाला गेलो, कारण दुसरा मार्ग नव्हता. डब्यात वर ठेवलेल्या प्रत्येक बेवारस पिशवीकडे बघून बायका विचारायच्या, कुणाची आहे, कुणाची आहे? हे पुढे कित्येक महिने चाललं.

तेव्हाचा लोकांचा रेटा काय होता, हे ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. भारत-पाकिस्तान चर्चा लांबणीवर पडली होती. वर्तमानपत्रांत रोज एक चौकट असायची, तपास कुठवर आला याची. वृत्तवाहिन्या तेव्हा वयात येत होत्या आणि त्यांना रोज संध्याकाळी काहीतरी नवं लागायचं. दोन महिने झाले तरी आरोपपत्र नाही, म्हणजे पोलीस झोपलेत, असं आमच्या ऑफिसात, गाडीत, रेशनच्या रांगेत लोक बोलायचे. आणि मग ३० सप्टेंबर २००६ ला मुंबईचे पोलीस आयुक्त अ. ना. रॉय यांनी पत्रकार परिषद घेऊन स्फोटांचा छडा लागल्याचं जाहीर केलं. कट कुणाचा, माणसं कोणती, बॉम्ब कसे ठेवले, सगळं सांगितलं गेलं. शहराने सुस्कारा टाकला. काकू म्हणतात ते ‘पकडले’ हेच.

या घोषणेच्या क्रमाकडे मी पुन्हा पुन्हा येते. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे आपला मोक्का, या प्रकरणाला लागला तो सप्टेंबरच्या शेवटी. आरोपींचे कबुलीजबाब नोंदवले गेले ते ऑक्टोबरमध्ये. टॅक्सीवाल्या साक्षीदाराने तोंड उघडलं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. ओळख परेड झाली ती नोव्हेंबरात. खटल्यात ज्या पुराव्यावर माणसांना फाशी झाली, त्यातला बराचसा पुरावा छडा लागल्याच्या घोषणेनंतर तयार झाला. घोषणा आधी आणि पुरावा मागाहून. एकदा सगळ्या देशासमोर ही माणसं आम्हाला मिळाली असं सांगितलं की मग कुठला अधिकारी महिन्याभराने उठून म्हणेल, साहेब, काहीतरी जुळत नाहीये? त्या खात्यात एखाद्याला तसं वाटलं असेलही. पण तसं म्हणायची जागा त्या पत्रकार परिषदेने बंद करून टाकली होती.

मोक्का १९९९ चा. मुंबईतल्या टोळ्यांची खंडणी आणि सुपारी मोडून काढायला आणलेला. आपल्या फौजदारी कायद्याचा इंग्रजांच्या काळापासूनचा एक पाया आहे की पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा होत नाही. कोठडीत माणूस काय सोसतो हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होतं. मोक्काचं अठरावं कलम हा पाया बाजूला करतं. पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, शहरात पोलीस उपायुक्ताने, नोंदवलेली कबुली न्यायालयात चालते. आरोपपत्राला नव्वदऐवजी एकशे ऐंशी दिवस मिळतात. जामीन जवळजवळ अशक्य होतो. म्हणजे कबुली मिळवायला वेळही आहे, जागाही आहे, आणि मिळाली की ती चालतेही.

या खटल्यात बहुतेक आरोपींच्या नावावर असे कबुलीजबाब होते. न्यायालयासमोर उभं राहायची संधी मिळताच त्यांनी ते नाकारले आणि मारहाण करून घेतले असं सांगितलं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने ते ग्राह्य धरले. उच्च न्यायालयाने मात्र ते शेजारी शेजारी ठेवून वाचले. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उपायुक्तांसमोर सांगितलेल्या हकिकतींचे काही भाग शब्दाला शब्द सारखे निघाले. छळाच्या आरोपालाही वैद्यकीय कागदांतून आधार मिळाला. मी स्वतः शिकवण्या घेतल्या आहेत. दोन मुलांच्या वह्यांत तेच वाक्य, त्याच चुकीसकट आलं की काय झालंय हे सांगायला फार हुशारी लागत नाही.

निकालावर सगळीकडे ऐकू आलेली तक्रार अशी की हे लोक ‘तांत्रिक मुद्द्यांवर’ सुटले. माझा याला मनापासून विरोध आहे. म्हणून त्या तांत्रिक मुद्द्यांपाशीच मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

टॅक्सीवाल्याचं घ्या. त्याचं म्हणणं की त्या दिवशी आपल्या टॅक्सीतून दोन माणसं चर्चगेटला सोडली, त्यांच्याजवळ पिशव्या होत्या. मुंबईचा टॅक्सीवाला दिवसात कितीतरी माणसं नेतो. स्फोट झाले हे त्याला त्याच रात्री कळलं असणार. तरी शंभरहून अधिक दिवस तो कुणाशी काही बोलला नाही, आणि मग एके दिवशी त्याला ते चेहरे आठवले. पुढे कित्येक वर्षांनी न्यायालयात त्याने ते ओळखले. न्यायालयाने विचारलेला प्रश्न अगदी साधा आहे: त्या चेहऱ्यांत असं काय होतं, त्या प्रवासात असं काय घडलं, की ते इतके दिवस लक्षात राहावेत? साक्षीत त्याचं उत्तर नव्हतं. आता हा तांत्रिक मुद्दा आहे का? की एखादी गोष्ट खरी आहे का, हे तपासायची हीच एकमेव पद्धत आहे?

ओळख परेडचंही तसंच. परेड पोलिसांनी घ्यायची नसते, त्रयस्थ अधिकाऱ्याने घ्यायची असते. साक्षीदाराला आधी कुणी फोटो दाखवलेला नाही, आरोपीला त्याच्यासमोरून नेलेलं नाही, बाजूला उभी केलेली माणसं वयाने, अंगकाठीने साधारण सारखी आहेत, याची खातरी त्या अधिकाऱ्याने करायची असते. या खटल्यात ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने परेड घेतली, त्याला त्या वेळी तो अधिकारच उरलेला नव्हता, असा न्यायालयाचा निष्कर्ष आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या साक्षीदाराच्या वर्णनावरून सुरुवातीला संशयितांची रेखाचित्रं काढली गेली, त्याला आरोपी ओळखायला न्यायालयात आणलंच नाही. सुरुवातीला ज्याच्या सांगण्यावरून पोलीस माग काढू लागले, तोच माणूस शेवटी गायब. एका साक्षीदाराबद्दल न्यायालयाने नोंदवलं की तो गुन्हे शाखेच्या आणखीही वेगवेगळ्या प्रकरणांत साक्षीदार म्हणून हजर झालेला होता. पोलीस ठाण्याभोवती वावरणारे असे ठरलेले पंच असतात, हे न्यायालयात चार दिवस जाऊन बसलेल्या कुणालाही माहीत आहे.

आणि मुद्देमाल. आरडीएक्स, डिटोनेटर, सर्किट, नकाशे मिळाल्याचं सांगितलं गेलं. जिथे मिळालं तिथून प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत ती वस्तू लाखेच्या सीलखाली, प्रत्येक हाताची नोंद होत जायला हवी. ती नोंद इथे पक्की नव्हती. त्या सात गाड्यांत नेमका कोणत्या प्रकारचा बॉम्ब फुटला, हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. तो बॉम्ब कोणता होता हेच जर ठरत नसेल, तर अमुक माणसाकडे सापडलेली अमुक पावडर त्याच बॉम्बची, हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

या सगळ्याला तांत्रिक म्हणणारे लोक असं समजतात की सत्य एका खोलीत तयार असतं आणि कायद्याची पद्धत म्हणजे दारावरचं कुलूप. मला नेमकं उलटं दिसतं. सील, पंच, परेड, उलटतपासणी हीच सत्यापर्यंत जायची वाट आहे, आणि त्याखेरीज आपल्या कुणाजवळही दुसरी वाट नाही. १८० हून अधिक माणसं मेल्यावर तर ती वाट अधिक काळजीने चालायला हवी होती. निकालाच्या सुरुवातीलाच न्यायमूर्तींनी म्हटलंय की खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा होणं समाजासाठी अत्यावश्यक आहे, पण गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा लोकांना फसवा दिलासा देतो आणि खरा धोका मोकळाच राहतो. काकूंना मी हे वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या धोक्याबद्दल थोडं. २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या काही जणांना पकडलं. त्यांच्यातल्या एकाच्या जबाबात लोकलचे स्फोट आपल्या लोकांनी केल्याचं आलं. एकाच शहरात, एकाच गुन्ह्याबद्दल, पोलिसांच्या दोन पथकांकडे दोन वेगळी उत्तरं जमा झाली. बचाव पक्षाने त्या माणसाला साक्षीला बोलावलं, तर तिथे त्याने ते सगळं नाकारलं. तोही कबुलीजबाबच होता, कोठडीतलाच, म्हणून त्याच्यावर मी आज डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. पण दोन उत्तरं हाती असताना ती एकमेकांसमोर ठेवून शेवटपर्यंत तपासली गेली नाहीत, ही गोष्ट मला झोपू देत नाही. त्याच २००६ च्या सप्टेंबरमध्ये मालेगावला स्फोट झाले. त्यात राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, नऊ मुसलमान तरुणांना पकडलं, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांच्यातल्या हयात असलेल्या आठही जणांना दोषमुक्त केलं. त्या नऊ जणांपैकी दोघे या लोकल खटल्यातही आरोपी होते. एका प्रकरणात खोटी ठरलेली बांधणी दुसऱ्यात फाशी आणि जन्मठेपेपर्यंत पोचली होती.

खटल्यात तेरा आरोपी होते. एक शाळाशिक्षक २०१५ लाच सुटला, नऊ वर्षं आत काढून. खटल्याला मध्ये दोनेक वर्षं सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती होती. २०१५ च्या शिक्षेनंतर फाशी कायम करायचं प्रकरण उच्च न्यायालयात जवळजवळ दहा वर्षं पडून राहिलं. रोज ऐकणारं खंडपीठ नेमलं गेलं ते २०२४ मध्ये. फाशीच्या कोठडीत माणूस दहा वर्षं वाट बघतो, आणि इकडे ज्यांची माणसं गेली ते दर ११ जुलैला माहीमच्या फलाटावर फुलं ठेवतात. हा काळ दोघांचाही गेला. आरोपींपैकी एकाने तुरुंगातून माहितीच्या अधिकाराचे हजारो अर्ज केले. जे कागद तपास यंत्रणेनं स्वतःहून द्यायला हवे होते, फोनच्या नोंदी वगैरे, त्यांच्यासाठी आरोपींना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

शाहिद आझमी हे यातल्या आरोपींचे वकील होते. स्वतः तरुणपणी तुरुंग भोगून, सुटून मग वकील झालेले. फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात शिरून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय बत्तीस. २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारी या आरोपीचंही वकीलपत्र त्यांच्याकडे होतं. त्यांच्या खुनानंतर तीन महिन्यांनी त्याच खटल्यात फहीम आणि आणखी एक जण सुटले, आणि ती सुटका उच्च न्यायालयाने व सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. कसाबला फाशी झाली ती भक्कम पुराव्यावर आणि वकील देऊन झालेल्या खटल्यात, आणि त्याच खटल्यात पुराव्याअभावी दोघे सुटूही शकले. मला हे आपल्या शहराच्या चांगल्या दिवसांपैकी एक वाटतं.

पण तिथेही जमाव दाराशी होता. कसाबचं वकीलपत्र घेण्यासाठी न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली, त्या रात्री त्यांच्या घरावर लोक चालून गेले, दगड मारले गेले. वकिलांच्या संघटना ठराव करत होत्या की याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. आणि बिर्याणी आठवते ना? कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो, हे आपण वर्षानुवर्षं ऐकलं, सभांतून ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं. २०१५ मध्ये जयपूरला विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः सांगितलं की कसाबने बिर्याणी कधी मागितलीच नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीचं वातावरण तयार होतंय असं वाटलं, म्हणून आपण ते रचलं. ज्या खटल्यात पुरावा इतका स्वच्छ होता, त्यातही सरकारी वकिलाला न्यायालयाबाहेर लोकांच्या मनासाठी एक खोटी गोष्ट सोडावीशी वाटली, हे मला फार गंभीर वाटतं. सरकारी वकील सरकारचा किंवा फिर्यादीचा माणूस नसतो. त्याने न्यायालयाला सत्य शोधायला मदत करायची असते, ते आरोपीच्या बाजूचं निघालं तरी.

लोकांचा दबाव म्हणजे सगळा वाईटच, असं मी म्हणत नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका कोवळ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याचं प्रकरण, जे मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं जातं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटकेत संपलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो निकाल. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून मोर्चे निघाले, बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, आणि अशा प्रकरणात बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तसंच धरून चालायचं, हे कायद्यात आलं. त्या दोन पोलिसांची सुटका मात्र कायम राहिली. त्या चळवळीने त्यांना पकडून चौकात आणायची मागणी केली नाही. न्यायालय विचार कसा करतं, यालाच तिने हात घातला, आणि तिथे बदल घडवून आणला. मला असा दबाव हवा आहे.

बदलापूरला २० ऑगस्ट २०२४ ला लोक रुळांवर उतरले ते शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या आईबापांना तक्रार नोंदवायलाच तासन् तास ताटकळत ठेवलं म्हणून. तो राग शंभर टक्के रास्त होता. त्या दिवशीचा दबाव तक्रार का घेतली नाही, शाळेने काय लपवलं, एवढ्यावर टिकला असता तर! पण रुळांवर ‘आत्ताच्या आत्ता फाशी’च्या घोषणा होत्या. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्या गोळीने मेला. पेढे वाटले गेले, फटाके वाजले, हातात पिस्तूल घेतलेल्या नेत्यांचे फलक लागले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका ठेवला गेला. त्या शाळेत नेमकं काय घडलं, आणखी कुणाला काय माहीत होतं, हे भर न्यायालयात साक्षीपुराव्याने त्या माणसासमोर उलगडणार होतं. त्या मुलींच्या आईबापांना ते ऐकायचा हक्क होता.

पोलिसांबद्दल एक सांगायला हवं. एटीएसमध्ये, गुन्हे शाखेत माझ्या ओळखीची माणसं राहून गेली आहेत. स्फोटानंतरचे महिने ते घरी गेले नाहीत, जेवले नाहीत, हे मला माहीत आहे. सगळे खोटेपणा करायला बसले होते, असं मी मानत नाही. पण ज्या यंत्रणेत कबुली मिळवणं हे पुरावा गोळा करण्यापेक्षा सोपं असतं, आणि वरून रोज फोन येतो की ‘काय झालं?’, तिथे चांगला माणूसही सोप्या वाटेला लागतो. इंग्लंडमध्ये १९७४ ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसं मेली, सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली, आणि १९९१ मध्ये ते सहाही जण निर्दोष म्हणून सुटले. अशाच प्रकरणांच्या धक्क्यातून तिथे पोलीस चौकशी ध्वनिमुद्रित करणं सक्तीचं झालं, आणि चुकीच्या शिक्षांचा फेरविचार करणारा स्वतंत्र आयोग १९९७ पासून कामाला लागला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि तपास यंत्रणांच्या कार्यालयांत कॅमेरे बसवायला सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. ही दोन्ही पावलं चांगली आहेत, आणि ती कागदावर राहणार नाहीत यासाठी रुळांवर उतरायला मी तयार आहे. चुकीच्या खटल्यात वर्षं गमावलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा, असं विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात सांगितलं. तो कायदा अजून आलेला नाही. एकोणीस वर्षांनी बाहेर आलेल्या माणसाला सरकार आज कायद्याने एक रुपयाही देणं लागत नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुटलेल्यांनी परत तुरुंगात जायचं नाही, पण हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. मोक्काखालच्या इतर खटल्यांवर याचा परिणाम होईल ही सरकारची काळजी होती. अपिलाचं काय व्हायचं ते होईल, तो सरकारचा हक्क आहे.

माझं म्हणणं त्यापुढचं आहे. अपील चालू असताना सरकारने एक नवीन पथक नेमावं. त्यात २००६ च्या तपासाशी संबंध आलेला एकही अधिकारी नको. एटीएसचे कागद, २००८ मधले गुन्हे शाखेचे जबाब, मालेगावचे कागद आणि उच्च न्यायालयाचा हा निकाल, सगळं त्यांच्या टेबलावर ठेवावं. ज्या साक्षीदाराच्या वर्णनावरून रेखाचित्रं काढली होती, तो हयात असेल तर त्याच्याकडे आधी जावं. पुढच्या पत्रकार परिषदेची तारीख त्यांना कुणी विचारू नये. आणि ज्या घरांतली माणसं गेली त्यांना, पुरावा पक्का होईपर्यंत, ‘पकडले’ असं कुणी सांगू नये.